मदत हवी आहे: जुन्या नाण्यांची फरशी देवघरात बसवायची आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीजवळच्या घराची दुरुस्ती काढली आहे. माळा आवरताना आजोबांच्या दुकानाच्या गल्ल्यातले डबे निघाले. कंगोरेदार दहा पैसे, षटकोनी वीस पैसे आणि गेंड्याच्या चित्राच्या पावल्या (पंचवीस पैसे) तर ढीगभर. आजोबांच्या हातून गेलेली ही नाणी मला भंगारात द्यायची नाहीत. देवघरापुढच्या शहाबादी फरशीवर ती मांडून वरून पारदर्शक इपॉक्सी (ओतल्यावर कडक होणारं राळ) ओतावं असं मनात आहे.

कायदा पाहिला. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनातलं नाणं व्यवहाराखेरीज दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. म्हणून रुपये आणि आठ आण्यांची नाणी बाजूला काढली. पावली आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, तेवढीच घेणार आहे.

पावली १९ मिमीची, म्हणजे फुटात सोळा आणि चौरस फुटाला २५६. सगळी जागा भरायची नाही. मधे वीस पैशांची पट्टी (षटकोनी असल्याने फट न राहता बसतात, फार देखणी दिसतात) आणि कडेला पावल्या.

गवंडी म्हणतो, पांढऱ्या सिमेंटात बसवू. चालेल का? पावसाळ्यात फरशीला ओल येते, त्याचं काय? आणि आई म्हणते, लक्ष्मीवर पाय द्यायचा नाही. मलाही ते पटतं, शिवाय नाण्यावर सिंहमुद्रा आहे. काही मार्ग सुचवा.

प्रतिसाद:

ताई, पांढरं सिमेंट अजिबात नको. तुमचे कंगोरेदार दहा पैसे आणि षटकोनी वीस पैसे ॲल्युमिनियमचे आहेत. ओल्या सिमेंटातला क्षार ॲल्युमिनियमला खातो, बुडबुडे येतात, नाणं काळवंडून खड्डे पडतात. पावली स्टेनलेस स्टीलची, तिला काही होत नाही.

ओलीसाठी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून फरशीवर दिवसभर चिकटवून ठेवा. खाली दव धरलं तर तिथे इपॉक्सी टिकणार नाही, सुटून येईल.

माझं मत विचाराल तर जमिनीवर करूच नका. देवघरात देवांचा ओटा असेलच ना? त्याच्या दर्शनी बाजूला लावा. पाण्याला टिकणारा प्लाय आडवा ठेवून त्यावर नाणी मांडून चिकटवा. आधी इपॉक्सीचा पातळ हात द्या, म्हणजे नाण्याखालची हवा नंतर वर येत नाही. तो सुकल्यावर मुख्य थर ओता, बुडबुड्यांवरून हीट गन हलकी फिरवा. पूर्ण कडक झालं की पट्टी उभी बसवा. पाय लागायचा प्रश्नच मिटला, आईही खूश. गेंड्याची बाजू वर ठेवा, उन्हापासून दूर ठेवा नाहीतर इपॉक्सी पिवळं पडतं, आणि समई त्या पट्टीला खेटून ठेवू नका, उष्णतेने ते मऊ होतं.