आयडलला आरपीएम खाली-वर, बॉनेटखाली सुस्स आवाज: पंप की व्हॅक्यूम पाइप?

रत्नागिरीकर: 2009 ची पेट्रोल एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी. आयडलला (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) आरपीएम 600 ते 1100 हेलकावतो. गॅरेजवाले थेट फ्युएल पंप बदला म्हणतात. आधी काय तपासू?

पाना_पक्कड: पंपाला हात लावू नका. सुस्स म्हणजे कुठूनतरी हवा ओढली जातेय. इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरून) निघणारे पाइप कापड गुंडाळून पक्कडीने एकेक दाबा: ब्रेक बूस्टर (ब्रेक हलका करणारा), पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह), कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा). ज्याला दाबल्यावर आवाज थांबून आरपीएम स्थिरावेल, गळती त्याच लाइनवर. पीसीव्हीचा रबरी एल्बो (वाकडा जोडपाइप) हमखास खालच्या अंगाने चिरतो, वरून धडधाकट दिसतो. आरसा धरून बघा.

घाटमाथा: व्हॅक्यूम गेज (इनटेकमधली ओढ मोजणारं मीटर) लावलंत तर काम सोपं. समुद्रसपाटीला गरम इंजिनवर आयडलला 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम हवा. आंबा घाट चढलात की दर 1000 फुटांना साधारण 1 इंच कमी दिसणारच, तो बिघाड नव्हे. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) फवारून गळती शोधू नका, तापल्या एक्झॉस्टवर भडका उडतो.

पाना_पक्कड: आणखी एक. पेट्रोलचा प्रेशर रेग्युलेटर फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) असेल, तर त्याचा व्हॅक्यूम पाइप काढून हुंगा. आत पेट्रोल आलं असेल तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटलाय. फ्युएल लाइन खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालू ठेवा, प्रेशर उतरतं. खाऱ्या हवेने क्लिपा गंजतात, नव्या स्टेनलेसच्या घ्या.