अँड्रॉइडवाल्यानं बॅकएंडला हात घालावा का?

रंकाळावेस:
ओळखीतला एक मुलगा कोल्हापुरातल्या छोट्या कंपनीत तीन वर्षं अँड्रॉइडचं काम करतोय. आता त्याला स्प्रिंग बूटवर (जावात सर्व्हरचा कोड लिहायचं साधन) सर्व्हरचंही, म्हणजे बॅकएंडचं, काम घे म्हणतायत. पुण्यातले मित्र सांगतात, नको, करिअर भरकटेल. माझं मत उलट आहे. घ्यावं, आणि आनंदानं घ्यावं.

सगळ्यात चिवट बग फोन आणि सर्व्हरच्या सांध्यात बसलेले असतात. दूध संस्थेचं अॅप घ्या. गगनबावड्याकडं रेंज येते-जाते. सचिवानं सकाळी 8.5 लिटरची नोंद पाठवली, सर्व्हरवर ती पोचली, पण उत्तर परत यायच्या आत रेंज गेली. अॅपला वाटतं नोंद गेलीच नाही, ते पुन्हा पाठवतं. शेतकऱ्याच्या नावावर 17 लिटर! अॅपवाला म्हणतो माझा रिट्राय बरोबर आहे. सर्व्हरवाला म्हणतो दोन रिक्वेस्ट आल्या, दोन लिहिल्या. दोघंही खरं बोलतात आणि हिशोब चुकतो. उपाय साधा आहे: नोंदीला फोनवरच यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्या नोंदीशी जुळणार नाही असा क्रमांक) द्यायचा आणि डेटाबेसात त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दुसऱ्यांदा घ्यायचा नाही हा नियम) लावायचा. पण तो सुचायला दोन्ही बाजू हाताखालून जाव्या लागतात.

शिरोलीकर:
पटलं नाही दादा. यूयूआयडीचं वाचूनही कळतं, त्यासाठी काम बदलायला लागत नाही. अँड्रॉइड स्टुडिओ 1.0, म्हणजे अॅप लिहायचं साधन, आलं 2014 ला. कोटलिन भाषेला गुगलचा पाठिंबा 2017 ला. 2020 च्या अँड्रॉइड 11 मध्ये असिंकटास्क (स्क्रीन न अडवता मागं काम चालवायची जुनी पद्धत) वापरू नका म्हणाले. 2021 ला स्क्रीन काढायची नवी पद्धत, जेटपॅक कंपोझ 1.0. एवढं बदलत असताना अर्धं लक्ष दुसरीकडं घातलं तर एक ना धड भाराभर चिंध्या होतील.

आणि बॅकएंड म्हणजे नुसते एपीआय (अॅपनं सर्व्हरशी बोलायचे ठरलेले मार्ग) लिहिणं नव्हे. ट्रान्झॅक्शन आयसोलेशन (एकाच वेळी चाललेले व्यवहार एकमेकांत मिसळू न देणं), डेडलॉक (दोन व्यवहार एकमेकांसाठी अडकून बसणं), क्वेरी इंडेक्स (पटकन शोधायची सूची) का घेत नाही हे एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी कमांड) वाचून ओळखणं, याला वर्षं जातात. कंपनीला दोघांचं काम एका पगारात हवंय, हे तुम्ही का लिहिलं नाही?

रंकाळावेस:
पगाराचा मुद्दा मान्य, त्यानं वाढवून मागावाच. पण तुमची यादी माझ्याच बाजूची आहे. बदललं काय? साधनं, भाषा, स्क्रीन काढायची पद्धत. रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवायची पद्धत, संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडनं 1970 मध्ये मांडलं, आजही बिलं त्याच टेबलांवर निघतात. तिथं शिकलेलं टिकतं.

शिवाय सर्व्हरचा नवा कोड बिघडला तर जुना लगेच परत लावता येतो. फोनवरचं अॅप तसं मागं घेता येत नाही. स्टोरेज भरलेल्या फोनवर जुनं व्हर्जन पडून असतं, आणि सर्व्हरवाल्यानं उत्तरातलं एक फील्ड (माहितीचा एक रकाना) काढलं की ते क्रॅश होतं. ज्यानं असे क्रॅश रिपोर्ट वाचलेत तो फील्ड काढताना दहादा विचार करतो.

उद्यमनगरची ताई:
आमची पाच जणांची टीम. गिऱ्हाईक फाउंड्रीवाले, त्यांच्या बजेटात वेगळा बॅकएंडवाला बसत नाय. म्हणून इथं सगळे दोन्ही करतात, आणि लई चांगलं करतात. फक्त कोड तपासणारं कुणीतरी मुरलेलं पायजे. नसलं तर पोरगं आपल्याच चुका पक्क्या करत बसतंय.

शिरोलीकर:
हेच विचारायचं होतं. त्याच्या कंपनीत सर्व्हरचा कोड बघणारं कोण आहे?

रंकाळावेस:
एक मॅडम आहेत, आधी बँकेच्या सिस्टीमवर होत्या. प्रत्येक बदल त्या स्वतः वाचतात, असं तो सांगतो.

शिरोलीकर:
मग माझा विरोध निम्मा. उरलेला निम्मा कायम. पुण्यात अँड्रॉइडच्या जागेसाठी गेला की कोरूटीन (कोटलिनमध्ये मागं काम चालवायची पद्धत) आणि मेमरी लीक (काम संपल्यावरही मेमरी अडकून राहणं) हेच खोलात विचारतील, सर्व्हरचं कुणी विचारणार नाही. आणि पगाराचं आधी लेखी घ्यायला सांगा त्याला.