स्टँडबाय राउटर जागा होतो, पण कधी?

'दोन राउटर लावून एचएसआरपी चालू केलं की काम झालं' असं म्हटलं जातं, ते निम्मंच पटतं. (एचएसआरपी म्हणजे मुख्य राउटर बंद पडला की स्टँडबाय, म्हणजे राखीव, राउटरने त्याची जागा घेण्याची सिस्कोची पद्धत.) 'मी चालू आहे' सांगणारा हॅलो संदेश डीफॉल्टने दर ३ सेकंदांनी, तो आला नाही तर वाट बघायची मुदत (होल्ड टाइम) १० सेकंद, म्हणजे राउटर बंद पडला तर दुसरा ताबा घेतो. पण बहुतेक वेळा राउटर मरत नाही, पुढची लिंक (बाहेर जाणारी लाइन) मरते. आमच्याकडे एकदा लीज्ड लाइनचा पोर्ट हिरवाच होता, पिंग मात्र प्रोव्हायडरच्या पुढे जात नव्हता. लॅनवर हॅलो व्यवस्थित चालू, त्यामुळे स्टँडबाय ढिम्म!

म्हणून आयपी एसएलएने (राउटरमधली ठरावीक वेळाने चाचणी घेणारी सोय) बाहेरचा पत्ता तपासत राहा आणि ते ट्रॅकिंग एचएसआरपीला जोडा. इथे एक बारकावा फार जणांच्या नजरेतून सुटतो. ज्या राउटरची प्रायॉरिटी जास्त, ताबा त्याचा; तपासणी फसली की ट्रॅकिंग ही प्रायॉरिटी कमी करतं. सिस्कोवर ट्रॅकिंगची डीफॉल्ट वजावट १० असते. मुख्य राउटरची प्रायॉरिटी ११० ठेवली असेल तर ती १०० वर येते, आणि दुसऱ्याची डीफॉल्टही १००च. नुसती बरोबरी होते. वजावट २० करा. शिवाय दुसऱ्या राउटरवरही प्रीएम्प्ट (प्रायॉरिटी जास्त झाली की ताबा खेचून घेण्याची सोय) हवंच, एचएसआरपीत ते आपोआप चालू नसतं. मुख्य राउटरवर प्रीएम्प्टला डिले द्या, नाहीतर रीबूटनंतर बीजीपीचे रूट (बाहेरच्या नेटवर्ककडून कळणारे मार्ग) यायच्या आतच तो ताबा घेतो आणि ट्रॅफिक हवेत जातं.