सव्वादोन वर्षांच्या मुलाची ऐकण्याची तपासणी (बेरा टेस्ट) खासगीत करायची आहे, कुठून सुरुवात करू?

सई_कऱ्हाड

नमस्कार मंडळी. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. शब्द पाच-सहाच: आई, बाबा, दे, नाय, आणि गाडीला "बुबु". दोन शब्द जोडून अजून बोलत नाही. जन्मल्यावर कावीळ फार वाढली म्हणून आठवडाभर काचेच्या पेटीत होता. घरी सोडताना कानाला मशीन लावून बघितलं होतं, फाइलीत "ओएई, दोन्ही कान पास" असं लिहिलंय.

सासूबाई म्हणतात, याचा बाप तिसरं लागल्यावर बोलायला लागला आणि आता त्याला गप्प बसवावं लागतं. तेही खरंच आहे. पण मागून हाक मारली तर पोरगं कधी बघतं, कधी बघतच नाही. उलट टीव्हीवर त्याची ती जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येतो. त्यामुळे ऐकतो की नाही हेच आम्हाला ठरवता येईना.

अंगणवाडीत तपासणीची गाडी आली होती, त्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. सरकारी दवाखान्यात बेरासाठी तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. तोवर थांबू की खासगीत करून घेऊ? कोल्हापूर जवळ पडतं, पुण्यात नणंद राहते. औषध देऊन झोपवतात म्हणे, त्याची धास्ती वाटते. खर्च किती येतो? आधी कुणाची चिठ्ठी लागते का?

नीलाकाकू

सई, अगं मुलगे उशिराच बोलतात. माझा धाकटा अडीच वर्षांपर्यंत नुसता बोट दाखवायचा. मोबाईल बंद कर, त्याच्याशी भरपूर बोल, आणि तिसरा वाढदिवस होऊ दे. एवढ्या लहान पोराला औषध देऊन कशाला झोपवायचं?

ऐकीव

नीलाकाकूंचा धाकटा बोलला, छानच झालं. पण सईताईंच्या मुलाच्या फाइलीत "कावीळ" आणि "पेटी" हे दोन शब्द आहेत, त्यामुळे इथे वाट बघू नये. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा आहे, कोल्हापूर-सांगली भागातच काम करतो. क्लिनिकचं नाव सांगणार नाही, जाहिरात नको.

आधी त्या "पास"चं बघू. ओएई फक्त आतल्या शंखातल्या बारीक केसपेशी चालतात का एवढंच सांगते. तिथून पुढे मेंदूकडे जाणाऱ्या नसेत बिघाड असेल तर ओएई खुशाल पास होते. आणि जबर कावीळ नेमकी त्या नसेला त्रास देऊ शकते. म्हणून पेटीत पाचपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या बाळांची नुसती ओएई करू नये, बेरा करावी, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का तेही बघावं, असं आमच्याकडे मानलं जातं. बऱ्याच ठिकाणी ती होत नाही, कारण मशीन महाग आणि बाळ झोपेपर्यंत थांबायला माणूस नसतो. तुमच्या मुलाच्या नसेत दोष आहे असं मी म्हणत नाहीये. त्या कागदावरून तो नाही असंही म्हणता येत नाही, एवढंच.

टीव्हीची जाहिरात, कुकरची शिट्टी, ताटाचा आवाज यावर घरात होणाऱ्या परीक्षा विसरा. मध्यम कमी ऐकणाऱ्या मुलालाही हे सगळं ऐकू येतं. त्याला चुकतात ते "स", "श", "फ" असे हलके, बारीक आवाज, आणि बोलणं शिकायला तेच लागतात. टाळी वाजवून बघणारेही भेटतील. टाळीचा वारा मानेला लागतो आणि सावली दिसते, पोरगं वळणारच.

आता क्रम. खासगीत ऑडिओलॉजिस्टकडे थेट जाता येतं, चिठ्ठीची सक्ती सहसा नसते. तरी आधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून कान बघून घ्या. मळ अडकला असेल तर तो काढल्याशिवाय पुढची कुठलीच तपासणी खरी येत नाही. मग त्याच दिवशी टिम्पॅनोमेट्री करा. कानात रबरी बोंडूक ठेवून हवेचा दाब थोडा कमीजास्त करतात, मिनिटाभरात होतं, दुखत नाही. पडद्यामागे पाणी असेल तर आलेख सपाट येतो. या वयात सर्दी झाली की पाणी साठणं फार नेहमीचं आहे.

तुमचा मुलगा दोनच्या वर आहे, म्हणून जागेपणीची तपासणीसुद्धा मागा. आवाज आला की बाजूच्या काळ्या पेटीत दिवा लागतो आणि माकड झांजा वाजवतं. दोनचार वेळा झालं की पोरं आवाज ऐकताच पेटीकडे बघायला लागतात, आणि आम्ही आवाज कमी कमी करत जातो. मात्र ती स्पीकरवर केली तर चांगल्या कानाचंच कळतं, कानागणिक नाही. बेरा हवीच. साध्या क्लिक आवाजाची बेरा मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याबद्दल सांगते, खालच्या सुरांचं राहून जातं. म्हणून फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा: टोन बर्स्ट बेरा किंवा एएसएसआर (दोन्हींत खालचे-वरचे सूर वेगवेगळे तपासतात) करता का? "हो, करतो" म्हणणाऱ्याकडे जा. "बेरात सगळं येतं" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

अजून दोन गोष्टी. तपासणाऱ्याची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते बघा, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेलं असतं. आणि श्रवणयंत्र विकणाऱ्या दुकानातल्या फुकट तपासणीला लहान मूल नेऊ नका. तिथे तपासणी संपायच्या आत यंत्राचा भाव सुरू होतो.

औषधाचं: झोपेचं सिरप, बहुतेक ठिकाणी ट्रायक्लोफॉस, वजनावर मोजून देतात. ते दवाखान्यातच, बालरोगतज्ज्ञ हजर असताना, बोटाला ऑक्सिजनची चिमटी लावून द्यायचं. "घरून पाजून आणा" असं कुणी म्हणालं तर तिथे जाऊ नका. मुलगा झोपेत घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर आधी सांगा, कारण ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढलेल्या मुलाला गुंगीत श्वासाचा त्रास होऊ शकतो. नुसत्या साध्या झोपेतही बेरा होते. घाई नसलेलं क्लिनिक मिळायला हवं.

पिंटूचे_पप्पा

झोपेचा विषय निघालाय म्हणून सांगतो, आमची पोरगी औषधाशिवाय झोपली. आदल्या रात्री बारापर्यंत जागवली, पहाटे पाचला उठवली. आणि खरी परीक्षा पुढे: गाडीत झोपू द्यायचं नाही! मी गाडी चालवत होतो, बायको मागे बसून टाळ्या, गाणी, गुदगुल्या. सातारा रस्त्यावर पोरीचा डोळा लागत होता आणि आम्ही दोघं बोंबलत होतो. टोलवरचा माणूस बघतच राहिला. क्लिनिकमध्ये पोचल्यावर मऊ भात आणि दूध दिलं, ती आडवी. औषध देणार असतील तर मात्र उपाशी ठेवायला सांगतात, ते नीट विचारून घ्या.

डोक्याला तेल लावू नका. कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात, तेलावर त्या बसत नाहीत. आमच्या आईनं नेमकं सकाळी चंपी करून पाठवली होती, तिथल्या मॅडमनी अर्धा तास पुसत काढला. कानातले डूल घरीच काढा. तिचं आवडतं पांघरूण न्या, दवाखान्याच्या चादरीवर पोरं बिचकतात.

खर्च आमचा दोन-अडीच हजारांच्या घरात आला, टिम्पॅनो धरून. एएसएसआरचे वेगळे. पुण्यात नणंद आहे म्हणता तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे, तिथे चौकशी करा. मुंबईला वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, पैसे अगदी थोडे लागतात. पण तुम्हाला मुंबई लांब.

सई_कऱ्हाड

सगळ्यांचे आभार. घोरतो तो, हे मी लिहिलंच नव्हतं. आणि सध्या शेंबूड चालू आहे. सर्दी जाईपर्यंत थांबू का? शिवाय खासगीत केलं तर सरकारी तारीख रद्द करू ना? तिकडे उगीच कुणाची जागा अडकायला नको.

ऐकीव

नाक जोरात वाहतंय तोवर आठवडा-दोन आठवडे थांबा, त्यापेक्षा जास्त नको. सर्दीच्या नावाखाली सहा महिने सहज जातात. घोरतो म्हणजे कान-नाक-घसा डॉक्टरांची भेट आता आधीच हवी. टिम्पॅनो सपाट आला तर ते बहुधा तीन महिने वाट बघतील, कारण हे पाणी पुष्कळदा आपोआप ओसरतं. पण बेरा त्यासाठी तीन महिने पुढे ढकलू नका. हाडातून आवाज देऊनही बेरा करता येते, त्यातून पाण्यामुळे किती कमी आणि आतल्या कानामुळे किती, हे वेगळं काढता येतं.

सरकारी तारीख मुळीच रद्द करू नका. सगळं ठीक निघालं तर आदल्या आठवड्यात फोन करून सोडा. ठीक नसेल तर अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयातूनच निघतो. कॉक्लियर इम्प्लांटची (ऑपरेशन करून आतल्या कानात यंत्र बसवायची) वेळ आली, तर केंद्राच्या एडिप योजनेत (अपंगांना साधनांसाठी मदत देणारी) जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा ५ वर्षं आहे. अंगणवाडीतली ती चिठ्ठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असणार. तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मूळ कागद कुणाला देऊ नका.

रिपोर्टवर नुसतं "नॉर्मल" किंवा "हिअरिंग लॉस" लिहून दिलं तर खुर्चीतून उठू नका. उजव्या कानाला किती डेसिबलपर्यंत पाचवी लहर (बेराच्या आलेखातली, ऐकू आल्याची खूण) दिसली, डाव्याला किती, हे आकड्यांत आणि आलेखासकट मागा. तो आलेख असला की दुसऱ्या कुणाला दाखवता येतो, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागतं, जागरणासकट. आणि काकूंचं एक मात्र ऐका: मोबाईल बंद.

नीलाकाकू

बरं बाई, मी हरले. सई, कोल्हापूरला जाणार असशील तर शनिवारी जाऊ नकोस, अंबाबाईची गर्दी असते, पार्किंग मिळत नाही.