वांग, काळे डाग आणि आपला चेहरा : अनुभव लिहा

गालावर तपकिरी डाग दिसला की घरातली कुणीतरी म्हणतेच, "वांग आलेत." मग जायफळ उगाळा, लिंबू चोळा (आणि तसंच उन्हात जा, म्हणजे कातडी भाजून आणखी काळी!). उपायांची यादी इथे नकोय. नेमकं काय होतं, कशाने काय झालं, ते लिहा. औषध सांगितलंत तर ते कोणी दिलं तेही सांगा.

अबोली : दुसऱ्या खेपेला दोन्ही गालांवर सारखेच डाग उमटले. बाळंतपणानंतर फिकटले, पण गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या आणि पुन्हा गडद झाले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्यांबद्दलच विचारलं. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तांबी बसवली. रात्री डाग फिकट करणारं अझेलाइक अ‍ॅसिड, दिवसा रंगछटा असलेलं सनस्क्रीन. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा उजेडही अडवतं आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत त्या उजेडानेही वांग गडद होतात, हे मला नवीनच होतं. ट्यूबची किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात किलोभर तूप आलं असतं." आता डाग जवळून पाहिलं तरच दिसतात. उन्हाळ्यात मात्र डोकं वर काढतात.

द्राक्षबागवाला : पुरुषांनाही होतात हो. बागेत लावलेलं क्रीम घामाने तासाभरात उतरतं. रुंद काठाची टोपी आणि रुमाल यांनी जास्त काम केलं.

निशिगंध : हे जावेचं, तिला विचारून लिहितेय. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय "गोरं करणारी" ट्यूब दिली. आत हायड्रोक्विनोन (कातडीचा रंग फिका करणारं), ट्रेटिनॉइन (अ-जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) आणि मोमेटासोन. सुरुवातीला चेहरा इतका उजळला की भिशीतल्या बायका नाव विचारू लागल्या. थांबवली की आग, लाली, पुटकुळ्या, हनुवटीवर लव. मोमेटासोन हे स्टेरॉइड. अशी मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण दुकानात कोण पाळतंय! असं मिश्रण डॉक्टरही देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि तपासत. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळसर-काळे डाग पडू शकतात.

निवृत्त बाई : मला सगळ्यांनी वांगच ठरवलं होतं. डाग होते कपाळाच्या कडेला, कानांपुढे, राखाडी झाक असलेले. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी केली आणि निघाली केसांच्या काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी. रंग बंद केला. डाग फार सावकाश जाताहेत. केस पांढरे आहेत आणि छान दिसतात, असं माझं मत. मानेची काळी, मखमली कातडी हे आणखी वेगळंच प्रकरण. त्यात पुष्कळदा साखर तपासायला सांगतात.

कृष्णाकाठ : लग्नाआधी लेझर केलं तर चालेल का? आणि वांगांवर देतात त्या ट्रॅनेक्झॅमिक गोळ्या?

अबोली : माझ्या बहिणीचे लेझरने आधी फिकटले, मग पहिल्यापेक्षा गडद झाले. तारीख जवळ असेल तर मी तरी नाही म्हणेन. गोळी मुळात रक्तस्राव थांबवायची. ती देण्याआधी बहिणीला पायात कधी गुठळी झाली का, घरात कुणाला झाली का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, सगळं विचारलं होतं. म्हणून डोस इथे लिहीत नाही, निरोपातही विचारू नका.