सीआरईचे गुण ठीक, पण सुपरव्हिजनचं काय?
क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या नोंदणीचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण म्हणजे नुसती कागदी कटकट, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटलं. त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी टिकवायला सीआरईचे, म्हणजे सेमिनार वगैरेंतून चालू राहणाऱ्या शिक्षणाचे, गुण जमवावे लागतात, आणि दादरच्या हॉलमध्ये सकाळी सही ठोकून जेवणानंतर पसार होणारे मीही पाहिलेत. पण समुपदेशकांचं काय? चार महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केला की पाटी लागते! आरोग्याशी संबंधित व्यवसायांचं नियमन करणाऱ्या २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात समुपदेशक आलेत म्हणा. तरी माझ्या मते गुणांआधी सुपरव्हिजनचे, म्हणजे ज्येष्ठ सहकाऱ्याच्या देखरेखीखाली केसेस तपासून घेण्याचे, तास मोजा. स्वतःच्या केसेस कुणा ज्येष्ठापुढे कधी मांडल्याच नाहीत, तर ढीगभर सेमिनार काय कामाचे? पहिल्याच भेटीत बिनधास्त विचारा, 'तुमचं सुपरव्हिजन कोण करतं?' उत्तर टाळलं तर दुसरा बघा, मुंबईत तोटा नाही.