टॉमकॅट (जावा वेब ॲप चालवणारा सर्व्हर) ९ वरून १० वर आलो, लॉगिनचं पान उघडतंय पण पुढे ४०४ (पान सापडत नाही). मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानाचं जुनं वेब ॲप माझ्याकडे आलंय. पट्टी, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची उचल, सगळं त्यातच. सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारे जावा क्लास) आणि जेएसपीत (जावा मिसळलेली वेब पानं) लिहिलेलं. लिहिणारा केव्हाच पुण्याला गेला. मशीन बदलली तेव्हा टॉमकॅट १० टाकलं, वॉर फाईल (सगळं ॲप एकत्र बांधलेली) तीच. डिप्लॉय नीट होतं, लॉगमध्ये एकही एक्सेप्शन नाही. लॉगिनची जेएसपी उघडते, बटण दाबलं की ४०४. मॅपिंग (कोणत्या पत्त्याला कोणतं सर्व्हलेट) वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाईलमध्ये नाही, सर्व्हलेटच्या डोक्यावर वेबसर्व्हलेट ॲनोटेशन (कोडमधली खूण) आहे.

शोधायला गेलो तर कुणी जे-टू-ईई म्हणतंय, कुणी जावा ईई, कुणी जकार्ता ईई. एकानं तर सांगितलं, टॉमकॅट नुसता कंटेनर आहे, ग्लासफिश हा मोठा सर्व्हर टाका. खरंच टाकावं लागेल का? सोयाबीनची आवक सुरू व्हायला आलीय आणि मुनीम रोज विचारायलेत.

उत्तर १
ग्लासफिशच्या नादी लागू नका, त्याची नवी आवृत्तीही इथंच अडेल. टॉमकॅट कंटेनर आहे हे खरं, म्हणजे सर्व्हलेट-जेएसपी चालवतो, ईजेबी (मोठ्या ॲपसाठीचे जावा घटक) वगैरे त्यात नाही. पण तुम्हाला ईजेबी लागतंय कशाला?

जे-टू-ईई, जावा ईई, जकार्ता ईई ही तिन्ही नावं एकाच घराण्याची, सर्व्हरवरच्या जावा ॲपसाठीच्या ठरलेल्या नियमांची. ओरॅकलनं २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण जावा हा ट्रेडमार्क स्वतःकडेच ठेवला. म्हणून जकार्ता. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची (कोडच्या गटांची) नावंही बदलली: जावाएक्स डॉट सर्व्हलेटचं जकार्ता डॉट सर्व्हलेट झालं. टॉमकॅट १० फक्त नवं ॲनोटेशन ओळखतो. तुमचं जुनं त्याच्या लेखी नाहीच, म्हणून एररही नाही, मॅपिंगही नाही. जेएसपी मात्र सर्व्हरवरच कंपाईल होते, ती उघडणारच.

सोर्स हाताशी नसेल तर टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये, वेबॲप्सच्या शेजारी, वेबॲप्स-जावाईई नावाचं फोल्डर करा आणि वॉर तिथं टाका. टॉमकॅट ती स्वतः बदलून घेतो. माझं विचाराल तर सीझन होईस्तोवर ९ च ठेवा.

धागाकर्ता
दादा, सोर्स आहे. सगळीकडे जावाएक्स शोधून जकार्ता करून टाकू का?

उत्तर १
सरसकट नको! जावाएक्स डॉट एसक्यूएल, जावाएक्स डॉट नेमिंग हे जेडीकेचे (मूळ जावाच्या संचाचे) आहेत, त्यांची नावं बदललेली नाहीत. डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) त्यातूनच येतो. फक्त सर्व्हलेटवाले इम्पोर्ट बदला आणि नव्या, म्हणजे जकार्ताच्या सर्व्हलेट लायब्ररीवर पुन्हा कंपाईल करा.

धागाकर्ता
लॉगिन झालं! पट्टीचं पान तेवढं ५०० (सर्व्हरची एरर) देतंय, त्यात जेएसटीएलचे (जेएसपीसाठीच्या तयार टॅगची लायब्ररी) टॅग आहेत.

उत्तर २
ॲपच्या लिब फोल्डरमधली जेएसटीएलची जार (लायब्ररीची फाईल) जुनी असेल. ती काढून जकार्तावाली टाका, टॉमकॅटसोबत ती येत नाही. टॉमकॅटचं वर्क फोल्डरही (कंपाईल केलेल्या जेएसपी असतात ते) रिकामं करा, मग रीस्टार्ट.